दुसऱ्या वेळची भीती

लहानपणी पाहिलेल्या ज्या भयपटाने आठ-आठ दिवस अंधारात माजघर ओलांडू दिले नाही, तोच चित्रपट चाळिशीत पुन्हा पाहिला की मुखवट्याची शिवण, रबराच्या सुरकुत्या आणि रक्ताचा खोटा रंग तेवढा डोळ्यांत भरतो. उलट त्या वयात कंटाळा येऊन अर्ध्यावर सोडलेला एखादा संथ चित्रपट आता रात्री उशिरापर्यंत मनातून जात नाही. या अनुभवाचे स्पष्टीकरण सहसा ‘तेव्हा वय लहान होते’ एवढ्यावर आटोपले जाते, पण ते अपुरे आहे. वाढत्या वयाने भीती नुसती कमी होत असती, तर ती सगळ्याच चित्रपटांच्या बाबतीत सारखी कमी व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती एका जागी आटते आणि दुसऱ्या जागी नव्याने पाझरते. असे का होते, हे समजून घ्यायचे तर जुन्या भयपटांकडे आणि जपानी चलच्चित्रांकडे, म्हणजे ज्यांना जगभर ॲनिमे म्हणतात त्यांच्याकडे, थोडे यंत्राचे झाकण उघडून आत पाहावे तसे पाहावे लागते.

दचकणे वेगळे, धास्ती वेगळी

अचानक मोठा आवाज झाला की माणसाच्या पापण्या मिटतात, खांदे वर उचलले जातात आणि मान आत ओढली जाते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, म्हणजे विचाराची परवानगी न घेता शरीराने परस्पर उरकलेली क्रिया. कानाकडून आलेला संदेश मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभातूनच स्नायूंकडे वळवला जातो आणि सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात पापणी हलू लागते. आवाज कशाचा होता हे उमगेपर्यंत शरीर दचकून मोकळे झालेले असते. घरातला फ्यूज जसा कोणत्या उपकरणात बिघाड झाला याची चौकशी न करता आधी उडतो, तसाच हा प्रकार आहे.

चित्रपटांनी या फ्यूजचा उपयोग फार लवकर ओळखला. १९४२ साली निर्माता व्हॅल ल्यूटन आणि दिग्दर्शक झाक तुर्नर यांनी ‘कॅट पीपल’ हा अत्यंत कमी खर्चातला चित्रपट केला. त्यात एक तरुणी रात्री उद्यानाच्या भिंतीलगतच्या निर्जन रस्त्याने चालली आहे, तिच्या बुटांच्या टाचांचा आवाज येतो आहे, मागूनही तसाच आवाज येतो आणि मग मागचा आवाज थांबतो. शांतता पसरते, ती दिव्याच्या खांबाशी थबकते, आणि श्वापदाच्या फिस्कारण्यासारखा आवाज करीत पडद्यावर घुसते ती शहरातली साधी बस. पुढे या युक्तीला चित्रपटाच्या धंद्यात ‘ल्यूटन बस’ असेच नाव पडले, आणि आज ज्याला जंप स्केअर म्हणतात त्याची ती आजी ठरली.

धास्तीचे काम निराळे आहे. तिचा संबंध मेंदूच्या आतल्या भागातील अमिग्डला या बदामाच्या आकाराच्या केंद्राशी आणि त्याच्या शेजारच्या भागांशी येतो. ती क्षणात उडत नाही, ती साचत जाते, आणि जे अजून घडलेले नाही त्याच्यावर जगते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्र्यूफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात हा भेद टेबलाखालच्या बॉम्बच्या उदाहरणाने समजावला होता. टेबलाशी बसून माणसे निरर्थक गप्पा मारीत आहेत आणि एकाएकी स्फोट झाला, तर प्रेक्षकाला काही सेकंदांचा धक्का बसतो. परंतु बॉम्ब ठेवलेला आहे आणि तो किती वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवले, तर त्याच निरर्थक गप्पांचा एकेक शब्द सहन होईनासा होतो.

या उदाहरणात दुसऱ्यांदा पाहण्याचे सगळे गणित दडलेले आहे. चित्रपट एकदा पाहून झाला की त्यातला प्रत्येक बॉम्ब प्रेक्षकाला ठाऊक झालेला असतो. त्यामुळे जो चित्रपट केवळ स्फोटांवर उभा होता तो दुसऱ्या वेळी कोसळतो, आणि ज्याच्या गप्पांतच काही दम होता तो दुसऱ्या वेळी अधिक घट्ट होतो.

शेवट ठाऊक असूनही

येथे एक शंका रास्त आहे. शेवट माहीत असताना उत्कंठा उरतेच कशी? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड गेरिग यांनी या कोड्याला विसंगत उत्कंठा अशा अर्थाचे नाव दिले. मेंदूची घटना समजून घेण्याची यंत्रणा प्रत्येक क्षण नवाच मानून चालते आणि साठवलेली माहिती त्या क्षणी आपोआप हाताशी येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तोंडपाठ कीर्तनातही आख्यान रंगात आले की श्रोता पुढे सरसावून बसतो, तो याच कारणाने. २०११ साली निकोलस क्रिस्टेनफेल्ड आणि जोनाथन लेव्हिट यांनी कॅलिफोर्नियात वाचकांना काही लघुकथांचा शेवट आधी सांगून त्या वाचायला दिल्या, तेव्हा शेवट कळलेल्या वाचकांना त्या कथा सरासरीने अधिकच आवडल्या. नंतरच्या प्रयोगांचे निष्कर्ष मात्र इतके एकमुखी नाहीत, आणि भयकथेला हा नियम सरसकट लावणे धाडसाचे होईल.

अधिक महत्त्वाची गोष्ट लक्ष देण्याची आहे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांच्या १९९९ सालच्या प्रयोगात, चेंडूच्या फेकी मोजण्यात गढलेल्या प्रेक्षकांपैकी जवळजवळ निम्म्यांना गोरिलाचा वेश घालून मधून चालत गेलेले माणूस दिसलेच नाही. पहिल्यांदा भयपट पाहणारा माणूस असाच चेंडू मोजत असतो; पुढे काय होणार या एका प्रश्नात त्याची सारी नजर खर्ची पडते. जॉन कार्पेंटर यांचा ‘हॅलोविन’ (१९७८) दुसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते की मुखवटाधारी खुनी भर दुपारी, कुंपणाच्या टोकाशी, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये, गाडीच्या काचेपलीकडे कितीतरी वेळ नुसता उभा होता. श्रेयनामावलीत त्याला ‘द शेप’, म्हणजे केवळ ‘आकृती’, म्हटले आहे, आणि ते अचूक आहे. कार्पेंटर यांनी स्वतः रचलेले त्याचे पियानोवरचे संगीत पाच मात्रांच्या आवर्तनात फिरते; चारांच्या चालीला सरावलेला कान दर आवर्तनात सम एका मात्रेने हुकल्यासारखा अस्वस्थ राहतो, आणि हे कारण पहिल्या वेळी कुणालाच जाणवत नाही.

आठवणीचाही यात वाटा आहे. हिचकॉक यांच्या ‘सायको’मधील (१९६०) स्नानगृहातला खून ७८ वेगवेगळ्या कॅमेरा-मांडण्यांतून चित्रित करून ५२ कापांनी जोडला आहे, त्यात चाकू शरीरात शिरताना जवळजवळ दिसतच नाही, रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला आहे, आणि वाराचा आवाज खरबुजात चाकू खुपसून मिळवला आहे. मेंदू तुकड्यांमधल्या फटी स्वतःच बुजवतो आणि बुजवलेला भागही पाहिला म्हणून साठवतो. म्हणूनच हा प्रसंग पुन्हा पाहणाऱ्याला आपल्या आठवणीतली जखम पडद्यावर सापडत नाही, आणि या न सापडण्यातूनच हिचकॉक यांची कारागिरी त्याच्या हाती लागते.

चित्रपटही बदललेला असतो

प्रेक्षक बदलतो हे मान्य होते, पण चित्रपट तोच राहतो असे गृहीत धरले जाते. जुन्या चित्रपटांच्या बाबतीत ते बहुधा चुकीचे असते, आणि त्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांचा १९२२ सालचा जर्मन मूकपट ‘नोस्फेरातू’. त्यातला रक्तपिपासू काउंट ऑर्लोक सूर्याच्या पहिल्या किरणाने नष्ट होतो. तरीही वर्षानुवर्षे फिरत राहिलेल्या कृष्णधवल प्रतींत तो स्वतःची शवपेटी काखोटीला मारून भर उन्हात शहरातून चालताना दिसे. प्रेक्षक हसत आणि जुन्या लोकांचे भाबडेपण म्हणून सोडून देत.

दोष भाबडेपणाचा नव्हता. त्या काळची फिल्म प्रकाशाला इतकी मंद प्रतिसाद देणारी होती की उघड्यावर रात्रीचे चित्रण करणे फार अवघड होते. म्हणून प्रसंग दिवसा टिपले जात आणि नंतर फिल्मची ती पट्टी रंगाच्या द्रावात बुडवली जाई. निळी छटा म्हणजे रात्र, पिवळसर म्हणजे दिवाबत्ती किंवा दिवस, गुलाबी म्हणजे पहाट, हा संकेत त्या वेळच्या प्रेक्षकाला रंगभूमीवरच्या प्रकाशाइतका परिचित होता. पुढे या पट्टीवरून स्वस्त कृष्णधवल प्रती काढल्या गेल्या तेव्हा रंग गेला आणि त्याबरोबर रात्रही गेली. ‘ड्रॅक्युला’कार ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी हक्कभंगाचा दावा जिंकला होता आणि १९२५ साली न्यायालयाने या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता, अशा परिस्थितीत तो टिकला हेच नवल, आणि तो तुकड्यातुकड्यांनी टिकला. रंगीत छटा असलेल्या जुन्या प्रतीच्या आधारे जीर्णोद्धार झाल्यावर ऑर्लोक पुन्हा रात्रीचा चालू लागला आणि हसू थांबले.

गतीची कथा अशीच आहे. मूकपट हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यावर सेकंदाला साधारण १६ ते २० चित्रांच्या वेगाने टिपले जात. बोलपटाच्या यंत्रावर ते २४ च्या वेगाने धावतात. १८ चित्रांच्या वेगाने घेतलेला तीन मिनिटांचा प्रसंग मग सव्वादोन मिनिटांत उरकतो, आणि हलके, दबलेले पाऊल दुडदुडणारे पाऊल होते. मूकपटातली माणसे हास्यास्पद हालत असत ही समजूत बरीचशी या यंत्राची देणगी आहे.

उलट दिशेनेही नुकसान होते. अलीकडच्या अतिस्पष्ट प्रतींत सावल्या उजळल्या जातात, फिल्मचे कण पुसले जातात, आणि ज्या अंधारावर दिग्दर्शकाने विसंबून कमी खर्चात काम भागवले होते तोच अंधार फिका पडतो. ल्यूटन यांच्या चित्रपटात बिबट्याऐवजी काळोख होता. तो काळोख उजळणे म्हणजे मुख्य नटालाच वगळणे होय.

*चौकट : पुन्हा पाहण्यापूर्वी*

*मूकपट असल्यास त्याची गती आणि रंगछटा जीर्णोद्धारित प्रतीनुसार आहेत का, हे पाहावे. परभाषी चित्रपटात मूळ आवाज ऐकावा, कारण भयपटात श्वास, कुजबुज आणि अडखळणे हे संवादाइतकेच बोलतात. कापछाट केलेली परदेशी आवृत्ती आणि मूळ आवृत्ती हे दोन वेगळे चित्रपट समजावेत. पडद्याची आपोआप उजळणारी आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करावी. खोली काळोखी असावी; चित्रपटातील अंधार आणि खोलीतील उजेड यांचे एकमेकांशी पटत नाही.*

गोजिरा : रबराच्या आतले वर्ष

कापछाटीने चित्रपटाचा अर्थ किती बदलतो हे इशिरो होंडा यांच्या ‘गोजिरा’च्या (१९५४) इतिहासात दिसते. जगाने त्याला ‘गॉडझिला’ म्हणून ओळखले ते मुख्यतः १९५६ सालच्या अमेरिकी आवृत्तीतून, ज्यात रेमंड बर हे नट अमेरिकी वार्ताहर म्हणून नव्याने चिकटवले होते आणि मूळ कथेतला बराच भाग गाळला होता. पुढच्या दोन दशकांतील चित्रपटांत हाच प्राणी मुलांचा कैवारी झाला. त्यामुळे गोजिरा म्हणजे खेळण्यातली शहरे तुडवणारा रबरी माणूस, हा ग्रह घट्ट झाला. मूळ जपानी आवृत्ती अमेरिकेतील चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर पोचली ती २००४ साली, पन्नास वर्षांनंतर.

ती पाहताना आधी तारखा ध्यानात घ्याव्या लागतात. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवर किरणोत्सारी राख पडली आणि नौकेवरचे २३ खलाशी आजारी पडले. त्यांपैकी बिनतारी संदेशयंत्र सांभाळणारे आइकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला वारले. चित्रपट प्रदर्शित झाला तो त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला. तो सुरू होतो समुद्रावरच्या नौकेपासून: डेकवर निवांत बसलेले खलाशी, पाण्यातून उठलेला झगझगीत प्रकाश आणि पेटलेली नौका. त्या प्रेक्षकाला हा प्रसंग कल्पित वाटणे शक्यच नव्हते. त्यातच १९५२ सालापर्यंत जपानवर दोस्तांचा ताबा होता आणि त्या काळात अणुबॉम्बच्या परिणामांविषयी छापण्या-दाखवण्यावर बंधने होती. जे उघड बोलता आले नव्हते ते दोन वर्षांनी एका प्राण्याचे रूप घेऊन पडद्यावर आले.

पुन्हा पाहताना नजर प्राण्यावरून माणसांकडे वळते. आगगाडीतली एक स्त्री सहज बोलता बोलता नागासाकीतून वाचल्याचा उल्लेख करते. जळत्या तोक्योत एक आई मुलांना कवेत घेऊन त्यांच्या मृत वडिलांकडे आता जायचे असल्याचे सांगते. दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या ओसरीत जखमींच्या रांगा लागलेल्या असतात, आणि एका लहान मुलावर किरणोत्सार मोजणारे यंत्र धरणारा तज्ज्ञ नुसती मान हलवतो. युद्ध संपून नऊ वर्षे झाली होती. त्या ओसरीतल्या नटनट्यांपैकी कितीतरी जणांनी अशी दृश्ये स्वतःच्या शहरात पाहिली असणार.

रबरी वेशाकडेही नव्या नजरेने पाहता येते. विशेष दृश्यांचे प्रमुख एजी त्सुबुराया यांच्यापुढचा प्रश्न भौतिकशास्त्राचा होता. कथेतला गोजिरा ५० मीटर उंच आणि वेशातला माणूस सुमारे दोन मीटर, म्हणजे प्रमाण पंचविसास एक. तेवढ्याच प्रमाणात लहान केलेली इमारत ढासळली तर ती खऱ्या इमारतीपेक्षा पाचपट लवकर जमिनीवर येते, कारण पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, आणि पंचविसाचे वर्गमूळ पाच आहे. पोळपाटावरून घरंगळलेला लाडू आणि डोंगरावरून घरंगळलेला धोंडा यांतला फरक डोळ्यांना वजन न करताही कळतो, तो याच वेळेमुळे. उपाय असा की कॅमेरा नेहमीपेक्षा वेगाने चालवून अधिक चित्रे टिपायची आणि ती साध्या वेगाने दाखवायची, म्हणजे पडणे लांबते आणि लहान वस्तू मोठी व जड वाटते. सुमारे १०० किलो वजनाचा वेश घालून नट हारुओ नाकाजिमा तापलेल्या दिव्यांखाली जेमतेम काही पावले टाकू शकत. ते जड पाऊल अभिनयाइतकेच श्रमाचेही होते, आणि म्हणूनच ते खरे वाटते. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी गर्जना मिळवली ती राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या मोठ्या तंतुवाद्याच्या सैल केलेल्या तारेवरून ओढून. तिच्यात प्राण्याच्या गळ्यापेक्षा मोडणाऱ्या लोखंडाचा आवाज अधिक आहे.

स्थिर चित्राची दहशत

ॲनिमेच्या बाबतीत जुने म्हणजे अपुरे हा समज अधिकच पक्का असतो, कारण जुन्या मालिकांत माणसे फारशी हलत नाहीत. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामु तेझुका यांची ‘तेत्सुवान आतोमु’ म्हणजे ‘ॲस्ट्रो बॉय’ ही मालिका दर आठवड्याला येऊ लागली, तेव्हा एवढ्या वेगाने आणि एवढ्या कमी पैशात पूर्ण हालचाल रेखाटणे अशक्य होते. पडद्यावर सेकंदाला २४ चित्रे जातात; श्रीमंत स्टुडिओ त्यांसाठी १२ ते २४ वेगळी रेखाटने करीत. तेझुकांच्या स्टुडिओने एकेक रेखाटन तीन चित्रांपुरते धरून सेकंदाला आठांवर भागवले, बोलताना फक्त ओठ हलवले, आणि माणूस जागीच ठेवून मागचा देखावा सरकवला. ही मर्यादित ॲनिमेशनची पद्धत होय.

मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीत चित्र स्थिरच असते. कथेकरी आवाजाने आणि पान उलटण्याच्या क्षणाने त्यात हालचाल भरतो. जपानमध्ये कामिशिबाई, म्हणजे लाकडी चौकटीतून एकेक कागद सरकवत रस्त्यावर सांगितलेली कथा, हेच करीत असे, आणि शिगेरु मिझुकी यांचा स्मशानात जन्मलेला ‘कितारो’ हा भुताखेतांचा प्रसिद्ध नायक कामिशिबाईतूनच व्यंगचित्रमालिकेत आणि १९६८ साली ॲनिमेत आला. भयकथेला ही स्थिरता फार मानवते. हलणाऱ्या चेहऱ्याचा हेतू वाचता येतो, तर न हलणाऱ्या चेहऱ्यावर पाहणारा स्वतःचीच शंका वाचत राहतो. भारतात दूरदर्शनवर १९९३ पासून घरोघरी पाहिले गेलेले ‘जंगल बुक’ हेही जपानी ॲनिमेच होते. नाव ठाऊक नसताना एका पिढीची नजर या व्याकरणाला तेव्हाच सरावली.

त्या व्याकरणाचा सर्वांत धारदार उपयोग सातोशी कोन यांच्या ‘परफेक्ट ब्लू’मध्ये (१९९७) झाला आहे. हा चित्रपट प्रौढांसाठीच आहे, कारण त्यात लैंगिक हिंसेचे चित्रीकरण आणि क्रूर खून आहेत. मीमा ही गायिका आपला गट सोडून अभिनेत्री होते. मालिकेतल्या पहिल्या भूमिकेत ‘तू कोण’ अशा अर्थाचा एकच प्रश्न तिच्या वाट्याला येतो आणि तो ती पुन्हा पुन्हा घोकते. दरम्यान इंटरनेटवर ‘मीमाची खोली’ या नावाच्या पानावर कोणीतरी तिच्याच नावाने तिची रोजनिशी लिहीत असतो, आणि त्यात तिचे इतके बारीकसारीक तपशील असतात की ती हादरते.

सामान्य चित्रपट स्वप्नात शिरताना खूण देतो: चित्र धूसर होते, संगीत बदलते, पात्र डोळे मिटते. कोन यांनी या खुणा काढून टाकल्या. मीमा एका खोलीत घाबरून मागे वळते आणि वळण पूर्ण होते ते चित्रीकरणाच्या सेटवर. एका दृश्यातला आकार किंवा हालचाल पुढच्या दृश्यात तशीच चालू राहते, त्यामुळे दोन जगांमधला सांधा दिसत नाही. ती पुन्हा पुन्हा त्याच अंथरुणात जागी होते आणि आधीचे काय खरे होते हे तिलाही कळत नाही. हे जिवंत नटांच्या चित्रपटातही करता येते, पण ॲनिमेत एक वेगळी सोय आहे: तेथे खरे जग, स्वप्न आणि मालिकेतले दृश्य हे सारे एकाच कुंचल्याने, सेल नावाच्या एकाच प्रकारच्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवलेले असते, म्हणून एकही पातळी दुसरीपेक्षा अधिक खरी दिसू शकत नाही.

पहिल्या वेळी प्रेक्षक खुनी शोधत असतो. दुसऱ्या वेळी खुनी ठाऊक असल्याने तो एका विशिष्ट चेहऱ्याकडे पाहू लागतो, आणि तो चेहरा मीमाच्या प्रत्येक निर्णयाच्या क्षणी चौकटीच्या कडेला होता हे त्याला दिसते. इंटरनेट म्हणजे काय हेही मीमाला कोणाकडून तरी समजावून घ्यावे लागते, तो प्रसंग प्रदर्शनाच्या वेळी केवळ माहिती देणारा होता. स्वतःच्या नावाने दुसऱ्याने जगणे ही आज रोजची गोष्ट झाल्यावर तोच प्रसंग चित्रपटातला सर्वांत भीषण प्रसंग झाला आहे. चित्रपटातले एकही रेखाटन बदलले नाही. बदलले ते बाहेरचे जग.

मुंग्यांचा पडदा आणि उलटे पाय

हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगू’त (१९९८) हेच उलट्या दिशेने घडते. कोजी सुझुकी यांच्या १९९१ सालच्या कादंबरीवर आधारलेल्या या कथेत एक शापित व्हिडिओ कॅसेट पाहणारा सातव्या दिवशी मरतो. आज कॅसेट नाही, व्हीसीआर नाही, आणि रिकाम्या वाहिनीवर दिसणाऱ्या मुंग्याही नाहीत. पण ज्यांनी गल्लीतल्या व्हिडिओ लायब्ररीतून एका रात्रीपुरती कॅसेट आणली आहे, त्यांना ठाऊक असते की प्रतीवरून प्रत काढली की झेरॉक्सच्या झेरॉक्सप्रमाणे चित्र दर वेळी थोडे मरते: चुंबकीय पट्टीवरच्या लहरींत प्रत्येक वेळी थोडा गोंगाट मिसळतो आणि तो परत निघत नाही. शापित कॅसेटच्या त्या अंधूक, खरखरत्या चित्राची भीती या क्षीण होत जाण्यात आहे, आणि चकचकीत नव्या प्रतीत ती निसटते.

शापामागचे भूत असलेली सादाको विहिरीतून बाहेर येऊन दूरचित्रवाणी संचाकडे चालते, ते चालणे मात्र कोणत्याही प्रतीत निसटत नाही. अभिनेत्रीला पाठीमागे चालायला लावून ती फिल्म उलटी फिरवली आहे. याचा परिणाम इतका का होतो? स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवले की काळोखात माणसाच्या सांध्यांवर लावलेले डझनभर दिवे तेवढे दिसले, तरी ते हलू लागताच पाहणारा क्षणार्धात माणूस ओळखतो. डोळा माणसाच्या चालीचा इतका बारीक परीक्षक आहे. उलट्या फिल्ममध्ये पाय, केस आणि कपडा यांचा गुरुत्वाकर्षणाशी असलेला क्रम बिघडतो. दिशा बरोबर असते, पण वजन चुकीच्या क्षणी पडते. महाराष्ट्रात हडळीचे पाय उलटे असतात असे पिढ्यानपिढ्या सांगितले जाते, आणि जपानमध्ये अठराव्या शतकातील चित्रकार मारुयामा ओक्यो यांच्यापासून भुताला पायच नसण्याचा संकेत रुळला. दोन्हीकडच्या लोककथांनी भुताची खूण पायांत शोधली, हे योहान्सन यांच्या प्रयोगाच्या कितीतरी आधीचे शहाणपण आहे.

जवळजवळ माणूस, पण पुरता नव्हे, अशा वस्तूपुढे वाटणाऱ्या शिसारीला जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली ‘बुकिमी नो तानी’, म्हणजे अस्वस्थतेची दरी, असे नाव दिले, आणि हालचालीने ही दरी खोल होते असेही म्हटले. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’तला (१९९३) तात्या विंचू मराठी मुलांना या दरीच्या तळाशी भेटला. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला तो बाहुला मोठेपणी पुन्हा पाहिला की त्याच्या मानेच्या हालचालीतली बोटांची किमया दिसते आणि हसू येते, पण हसण्याने भीती खोटी ठरत नाही. भीतीने जागे केलेले तेच शरीर आता धोका नसल्याची ग्वाही मिळाल्यावर हास्याकडे वळलेले असते.

मी नव्हे, तोही नव्हे

भारतीय काव्यशास्त्राने भय या स्थायीभावापासून निष्पन्न होणाऱ्या भयानक रसाची चर्चा करताना या सर्व प्रश्नांच्या गाभ्याला हात घातला आहे. भरतांच्या नाट्यशास्त्रावर दहाव्या-अकराव्या शतकात टीका लिहिणाऱ्या अभिनवगुप्तांनी ‘शाकुंतल’ नाटकाच्या आरंभी राजाच्या रथापुढे धावणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले आहे. हरीण घाबरले आहे हे प्रेक्षकाला कळते, पण ते भय ‘मला वाटते’ असे नसते आणि ‘त्या हरणाला वाटते’ असे परकेही नसते. व्यक्ती, स्थळ आणि काळ यांपासून सुटलेले निव्वळ भय तेथे चाखले जाते. या सुटण्याला साधारणीकरण म्हणतात. स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला प्रेक्षक रस घेऊ शकत नाही, ते रसातले एक विघ्न होय, असेही अभिनवगुप्त सांगतात.

दचकणारा प्रेक्षक या अर्थाने विघ्नात सापडलेला असतो, कारण त्या क्षणी त्याला स्वतःच्याच कातडीची चिंता असते. दुसऱ्या वेळी ती चिंता सुटते, आणि बिकिनीची राख, नागासाकीतून वाचलेली स्त्री, दुसऱ्याने लिहिलेली आपली रोजनिशी यांचे भय कुणा एकाचे न राहता समोर उभे राहते. जो चित्रपट हे देऊ शकत नाही तो दुसऱ्यांदा पाहण्याची आवश्यकता नाही, मग त्यात किती का बसगाड्या फिस्कारेनात.

‘हॅलोविन’च्या शेवटी सहा गोळ्या खाऊन सज्ज्यावरून कोसळलेला खुनी गवतावरून नाहीसा झालेला असतो. मग कार्पेंटर यांचा कॅमेरा चित्रपटात आधी येऊन गेलेल्या जागा एकेक करून पुन्हा दाखवतो: जिना, बैठकीची खोली, बाहेरून दिसणारी काळोखी घरे. कुठेही कुणी नसते. मुखवट्याआडचा श्वास तेवढा ऐकू येतो. पहिल्या वेळी या जागा रिकाम्या दिसतात. दुसऱ्या वेळी नजर दाराआडचा अंधार, सोफ्यामागची जागा आणि कठड्यापलीकडचा कोपरा आपणहून तपासत जाते, आणि श्वास चालूच राहतो.